उसळ नव्हे, पुरण

‘चणे आहेत तर दात नाहीत, दात आहेत तर चणे नाहीत’ ही म्हण मराठी माणसाने दैवाच्या विसंगतीवर योजली असली, तरी तिच्यातील चणा खराखुरा आहे आणि तो कडकही आहे. पूर्व भूमध्य समुद्राच्या काठावर, लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाइन, जॉर्डन आणि इस्रायल या भूभागात, केला जाणारा एक पदार्थ मात्र या म्हणीला निकालात काढतो. तेथे चणा इतका शिजवतात आणि इतका वाटतात, की दातांना कामच उरत नाही. या पदार्थाचे नाव हम्मस. अरबी भाषेत या शब्दाचा मूळ अर्थ नुसता ‘चणा’ एवढाच आहे. पदार्थाचे पूर्ण नाव ‘हम्मस बि ताहिना’, म्हणजे तिळाच्या वाटणासह चणा. काबुली चणे, तीळ, लिंबू, लसूण आणि मीठ एवढीच त्याची सामग्री. यांपैकी एकही वस्तू मराठी घराला परकी नाही. तरीही घरी केलेले हम्मस बहुतेक वेळा रवाळ होते, जिभेवर कण लागतात, आणि उपाहारगृहात खाल्लेल्या त्या मऊसूत, साईसारख्या पदार्थाशी त्याचे नाते जुळत नाही. असे का होते, याचा विचार करण्याजोगा आहे. कारण त्याचे जे उत्तर सामान्यतः दिले जाते, ते चुकीचे आहे आणि खर्चिकही.

भिलाईतील कोहक्याचे उदाहरण घ्यावे. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. त्यानंतर या गावाने देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे बोलावून घेतली आणि माणसांबरोबर त्यांची स्वयंपाकघरेही आली. नागपूर, भंडारा, गोंदिया या रेल्वेमार्गावरील जिल्ह्यांतून आलेली मराठी कुटुंबे त्यांत होती. निवृत्तीनंतर कारखान्याचे क्वार्टर सोडून सुपेल्याच्या पलीकडे, एके काळी खेडे असलेल्या आणि आता महानगरपालिकेच्या हद्दीत आलेल्या कोहक्यात किंवा तशाच एखाद्या वस्तीत घर बांधायचे, हा अनेकांचा क्रम ठरला. अशा घरांतून इडली-डोसा, लिट्टी-चोखा, छत्तीसगढी फरा आणि चिला हे सारे शेजारधर्मानेच शिकले गेले. हम्मस मात्र शेजाऱ्याकडून आले नाही. ते दुबई, मस्कत किंवा अमेरिकेत नोकरीला गेलेल्या मुलांच्या जिभेवर बसून आले. मुले सुटीवर आली की एखाद्या मोठ्या दुकानातून त्याची छोटी डबी आणली जाते, दोन दिवसांत ती संपते, आणि मग घरातील ज्येष्ठ गृहिणी चष्मा लावून डबीवरील घटकांची यादी वाचते. यात आहे तरी काय, असे तिला वाटते, आणि ती त्याच रात्री काबुली चणे भिजत घालते.

दुसऱ्या दिवशी जे तयार होते, त्याला घरात सभ्यपणे ‘चटणी’ म्हटले जाते.

यानंतर दोषाचे खापर मिक्सरवर फुटते. कोणी फूड प्रोसेसर घ्यावा असे सुचवते. कोणी सांगते, की परदेशी डब्यातील शिजवलेले चणेच हवेत. कोणी ऑलिव्ह तेलाची मोठी बाटली आणून त्यातील निम्मे तेल भांड्यात ओतते. वस्तुतः मिक्सरचा दोष नसतो. नागपुरी मसाला आणि सुक्या खोबऱ्याचे वाटण करणाऱ्या यंत्राला शिजलेला चणा जड जावा, हे संभवत नाही. चूक मिक्सरपूर्वी, कुकरमध्येच झालेली असते आणि तिचे मूळ एका उत्तम सवयीत असते.

मराठी स्वयंपाकात कडधान्य शिजवण्याची कसोटी म्हणजे अख्खा दाणा. उसळीचा दाणा शिजलेला असावा, पण फुटलेला नसावा. नागपूरच्या तर्री-पोह्यांवर पडणारे काळे चणे रश्श्यात आपापल्या जागी डौलात उभे असतात. छोल्यांत दाणे मोडले तर करणारीला ओशाळल्यासारखे होते. बोटांनी दाबल्यावर दाणा दबला की कुकर उतरवायचा, हा हाताला पडलेला वळसा आहे. उसळीसाठी तो योग्यच; हम्मससाठी मात्र तो अर्ध्या वाटेवर थांबणे होय. उसळीपुरता शिजलेला चणा वाटला की त्याचे कण होतात, लगदा होत नाही. कितीही वेळ मिक्सर फिरवला तरी कण केवळ लहान होत जातात.

याच मराठी स्वयंपाकघरात दुसरीही एक कसोटी नांदते, ती पुरणाची. पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजवताना दाणा अख्खा राहावा अशी अपेक्षा कोणीच करत नाही. डाळ पूर्ण गळली पाहिजे. ती गरम असतानाच पुरणयंत्रातून काढली पाहिजे. गार झाली की घट्ट होते आणि मग कितीही जोर लावला तरी ते मऊपण येत नाही. हे सारे ज्ञान होळीच्या आणि पोळ्याच्या दिवशी घरोघरी वापरले जाते. हम्मस करताना ते आठवले जात नाही याचे कारण एवढेच, की काबुली चणा अख्खा दिसतो आणि अख्खा दाणा दिसला की हात उसळीकडे वळतो. या पदार्थाला उसळीचा नव्हे, पुरणाचा चुलतभाऊ समजावे. एवढी एक समजूत पक्की झाली, की बाकीच्या बहुतेक गोष्टी आपोआप मार्गी लागतात.

मग हरभऱ्याची डाळच का वापरू नये, असा रास्त प्रश्न येथे विचारला जाईल. वापरता येते. सालीचा प्रश्नच उरत नाही आणि वाटणही गुळगुळीत होते. परंतु चव पुरणाची किंवा वाटल्या डाळीची येते. देशी हरभऱ्याचा स्वाद उग्र, काबुलीचा सौम्य आणि किंचित गोडसर. काबुली चण्याची सालही देशी वाणापेक्षा बरीच पातळ असते. तो महाराष्ट्रात पिकत नाही असा समजही दूर व्हावा. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा ‘काक-२’ आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘विराट’ हे काबुलीचेच वाण आहेत. भिलाईच्या आसपास बेमेतरा, कवर्धा, राजनांदगाव या पट्ट्यात देशी हरभऱ्याची शेती मोठी आहे आणि हिवाळ्यात चना भाजी, म्हणजे हरभऱ्याचा कोवळा पाला, छत्तीसगढी घरांत आवडीने खाल्ला जातो. चण्याच्या बाबतीत हा प्रदेश अनभिज्ञ नाही.

आता चणा गळावा कसा, हा मुख्य मुद्दा. कोहक्यातील पुष्कळ गृहिणींचा अनुभव असा, की माहेरी चार शिट्ट्यांत शिजणारे कडधान्य येथे आठ शिट्ट्यांतही टणक राहते. पोलादाच्या गावात ‘लोखंडाचे चणे’ ही कोटी सहज सुचते. पण तिच्यामागे खरे कारण आहे आणि ते जमिनीखाली आहे. छत्तीसगढच्या मैदानाखाली चुनखडीचे विस्तीर्ण थर आहेत. नंदिनीच्या खाणीतील चुनखडी भिलाईच्या झोतभट्ट्यांत वापरली गेली, जामुलचा सिमेंट कारखाना याच दगडाच्या भरवशावर उभा राहिला. तीच चुनखडी भूजलातही विरघळते. बोअरवेलचे पाणी जेथे वापरले जाते, तेथे पातेल्याच्या तळाशी आणि गिझरच्या नळीत पांढरा थर बसतो, तो त्याचाच पुरावा. चण्याच्या पेशींना एकमेकींशी सांधणारा पेक्टिन नावाचा पदार्थ असतो. पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम या सांध्याला अधिकच बळकट करतात. परिणामी पेशी सुट्या होत नाहीत, दाणा गळत नाही आणि सालही चिवट राहते. पिण्याच्या पाण्यासाठी घरात आरओ पद्धतीचे शुद्धीकरण यंत्र असेल, तर चणे भिजवण्यासाठी आणि शिजवण्यासाठी त्याच यंत्रातील पाणी घ्यावे. ही चैन नव्हे. त्यात वाचणाऱ्या गॅसचा हिशेब मांडला तर ती काटकसर ठरते.

दुसरे कारण चण्याच्या वयाचे. हरभरा रब्बीचे पीक, फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते. उन्हाळ्याची उष्णता आणि पावसाळ्याचा दमटपणा सोसून वर्ष-दीड वर्ष पोत्यात राहिलेला चणा आतून बदलतो आणि मग त्याला शिजवणे खरोखर कठीण होते. असा चणा रंगाने गडद, निस्तेज आणि अधिक सुरकुतलेला दिसतो. ज्या दुकानात काबुली चण्याचा खप जास्त, तेथूनच तो घ्यावा. घरातही पाच किलोंचा साठा करण्यात शहाणपण नाही. हा काही मुदत ठेवीचा व्यवहार नव्हे, येथे मुदतीबरोबर मूल्य घटते.

तिसरी गोष्ट सोड्याची, आणि येथे मतभेद होतील. जुन्या पिढीतील सुगरणींना डाळीत खाण्याचा सोडा घालणे कमीपणाचे वाटते. हे हलवायाचे आणि हॉटेलवाल्याचे काम, घरचे नव्हे, अशी त्यांची धारणा आहे. या धारणेमागे तथ्यही आहे. सोड्याने थायमिन हे जीवनसत्त्व काही अंशी नष्ट होते आणि प्रमाण चुकले की साबणासारखी चव येते. तथापि, जी गोष्ट जड पाणी घट्ट करते, तीच सोडा सैल करतो. अल्कधर्मी पाण्यात पेक्टिनचे सांधे लवकर सुटतात, साल मऊ होऊन स्वतःच दाण्यापासून वेगळी होऊ लागते. रोजच्या आमटीत सोडा घालू नये, हे मान्य. पण महिन्यातून दोनदा होणाऱ्या पदार्थात, जेथे चणा पूर्ण गळणे हीच अट आहे, तेथे त्याला मज्जाव करण्याचे कारण नाही. पाव किलो चण्यांना सपाट एक चहाचा चमचा सोडा पुरे; निम्मा भिजवताना, निम्मा शिजवताना. भिजवलेले पाणी फेकून चणे नीट धुतले आणि शिजल्यावरही पुन्हा पाण्यातून काढले, तर चवीत सोडा कळत नाही.

सोड्याची एवढी वकिली करण्यामागे आणखी एक कारण आहे, आणि ते चवीपेक्षा महत्त्वाचे आहे. पाककृतींच्या पुस्तकांतून आणि दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमांतून गुळगुळीत हम्मसचे एक रहस्य वारंवार सांगितले जाते: शिजलेल्या प्रत्येक चण्याची साल हाताने काढावी. सांगणारा मोठ्या प्रेमाने सांगतो, फक्त ते काम कोण करणार हे सांगत नाही. मोठ्या काबुली चण्याच्या शंभर दाण्यांचे वजन सुमारे चाळीस ग्रॅम धरले, तर पाव किलोत सव्वासहाशे दाणे येतात. एका दाण्याला पाच सेकंद दिले तरी बावन्न मिनिटे होतात. ही बावन्न मिनिटे एका वाटीभर तोंडी लावण्यासाठी! २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरातील विनावेतन कामांत सहभागी असलेल्या स्त्रियांचा त्या कामांत दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो आणि पुरुषांचा ९७ मिनिटे, असे आढळले. त्या २९९ मिनिटांत आणखी बावन्न मिनिटांची भर घालण्यास सांगणे म्हणजे गृहिणीला हरभऱ्याच्या झाडावर चढवून खालची शिडी काढून घेण्यासारखे आहे. घरी केलेला पदार्थ स्वस्त पडतो, असे म्हणणाऱ्या हिशेबात बहुधा मजुरीचा रकाना कोराच सोडलेला असतो. व्यवसायाच्या ताळेबंदात अशी चूक कोणी खपवून घेणार नाही.

म्हणून चणे सोलू नयेत. सोड्यात शिजलेल्या चण्यांच्या साली स्वतःहून सुटतात. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घालून चणे हाताने हलके ढवळले, की त्या वर तरंगतात आणि पाण्याबरोबर ओतून देता येतात. दोन-तीन वेळा असे केले, की बहुतेक साली गेलेल्या असतात. राहिलेल्या थोड्या सालींनी काही बिघडत नाही, कारण त्याही आता मऊ असतात. ज्या घरात पुरणयंत्र आहे, त्या घरात तर याचीही गरज नाही. गरम चणे पुरणयंत्रात घालून फिरवावेत. मऊ गर खाली पडतो, साली वर राहतात. सोडा मुळीच नको असणाऱ्यांनी हीच वाट धरावी. मात्र कुकर अधिक वेळ ठेवावा लागेल. वर्षातून तीन-चार वेळा माळ्यावरून खाली येणाऱ्या त्या यंत्राला हे जादाचे काम शोभून दिसेल.

शिजवण्याचा क्रम असा ठेवावा. पाव किलो चणे रात्रभर, बारा तास, भरपूर पाण्यात भिजत घालावेत. भिलाईचा एप्रिल-मे मात्र वेगळा. तेव्हा पारा ४४ अंशांच्या घरात जातो आणि ओट्यावर ठेवलेल्या चण्यांना सकाळी फेस आणि आंबूस वास येतो. त्या दिवसांत भांडे फ्रीजमध्येच ठेवावे. सकाळी चणे धुऊन, ताजे पाणी आणि उरलेला सोडा घालून प्रथम झाकण न लावता उकळी आणावी. सोड्यामुळे फेस फार येतो. तो आणि त्याबरोबर वर आलेल्या साली झाऱ्याने काढून टाकाव्यात. हे टाळून थेट झाकण लावले, तर फेस आणि साली शिट्टीच्या नळीत अडकू शकतात, आणि ते धोक्याचे आहे. कुकर निम्म्याहून अधिक भरू नये. झाकण लावल्यावर पाच-सहा शिट्ट्या आणि त्यानंतर मंद आचेवर पंधरा ते वीस मिनिटे. लिंबू, चिंच, टोमॅटो असे काहीही आंबट या टप्प्यावर घालू नये. आंबटाने दाणा आखडतो. दाणा दोन बोटांत धरला असता दाबावा न लागता पसरला, म्हणजे तो झाला. उसळ करणाऱ्या हाताला हे चणे वाया गेल्यासारखे वाटतील. तसे वाटले म्हणजे ते नेमके झाले असे समजावे.

तिळाच्या वाटणाकडे, म्हणजे ताहिनीकडे, सर्वांत कमी लक्ष दिले जाते. हम्मसमध्ये तीळ हा मसाला नाही, तो निम्मा पदार्थ आहे. चमचाभर ताहिनी घालून केलेले हम्मस म्हणजे वाटलेले चणे. पाव किलो कोरड्या चण्यांना दीडशे ग्रॅम तीळ तरी हवेत, दोनशे असल्यास उत्तम. संक्रांतीनंतर उरलेले तीळ घरोघरी असतातच. पण पॉलिश केलेले, पांढरे तीळच घ्यावेत. सालीसकट तीळ वाटले तर रंग मळतो आणि कडवटपणा येतो. येथे पुन्हा एक सवय आडवी येते. तिळगुळासाठी तीळ तडतडेपर्यंत, खमंग, गुलाबीसर भाजले जातात. ताहिनीसाठी ते नुसते गरम होऊन किंचित सुगंध सुटला, की उतरवावेत. रंग बदलता कामा नये. खमंग भाजलेल्या तिळांचे हम्मस वाईट लागत नाही, पण त्याला तिळाच्या चटणीची चव येते आणि चणा मागे पडतो.

कोमट तीळ चटणीच्या छोट्या भांड्यात थांबून थांबून फिरवावेत. प्रथम कूट होते, मग ते भांड्याच्या कडांना चिकटते, मग गोळा होतो. या वेळी बहुतेक जण थांबतात आणि पाणी घालतात. थांबू नये, पाणीही घालू नये. दोन चमचे तिळाचे तेल घालून, मिक्सरला मधूनमधून विश्रांती देत, आणखी काही मिनिटे फिरवले, की तीळ स्वतःचे तेल सोडतात आणि मिश्रण वाहते होते. त्यानंतर लिंबाचा रस. लसणाच्या तीन-चार पाकळ्या लिंबाच्या रसातच ठेचून दहा मिनिटे ठेवाव्यात. आंबटामुळे लसणाचा उग्रपणा वाढण्याआधीच आवरला जातो. तो रस गाळून ताहिनीत घातला, की मिश्रण एकदम फाटल्यासारखे, गोळा झाल्यासारखे दिसते. घाबरण्याचे कारण नाही. तेलाने वेढलेल्या तिळाच्या कणांना थोडे पाणी मिळाले, की ते आधी एकमेकांना घट्ट धरतात. आणखी पाणी मिळाले, की सुटतात. बर्फाचे थंडगार पाणी चमचा-चमचा घालत फेटत राहिले, तर तोच गोळा पांढराशुभ्र आणि दह्यासारखा होतो. हम्मसचा फिकट, जवळजवळ पांढरा रंग येतो तो या फेटण्यातून. त्यासाठी तेल ओतण्याची गरज नसते. ऑलिव्ह तेल मिक्सरमध्ये घालूच नये; वेगाने फिरवल्यावर ते काहींना कडू लागते. वरून एक धार पुरे, आणि तेही घरात असेल तर.

बाकी काम पाच मिनिटांचे आहे. कोमट चणे मोठ्या भांड्यात आधी एकटेच वाटून घ्यावेत, मग पांढरी ताहिनी, मीठ, आवडत असल्यास पाव चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड घालून पुन्हा फिरवावे. मिश्रण हवे त्यापेक्षा थोडे पातळ ठेवावे, कारण गार झाल्यावर ते घट्ट होते, पुरण होते तसेच.

डब्यातील चण्यांविषयी थोडे. चारशे ग्रॅमच्या डब्यात पाणी काढून टाकल्यावर चणे सुमारे दोनशे चाळीस ग्रॅम भरतात. पाव किलो कोरडे चणे शिजून साडेपाचशे ग्रॅमच्या पुढे जातात. म्हणजे दोन डब्यांहून अधिक माल एका पिशवीतून निघतो, आणि पिशवीची किंमत एका डब्याहूनही कमी असते. ज्या देशांत कुकर घरोघरी नाही, तेथे डबा ही सोय आहे. कोहक्यात ती सोय कोणाची, याचा विचार घेणाऱ्याने करावा. तयार हम्मसच्या डबीबाबतही हेच. प्रवासात किंवा आयत्या वेळी ती अवश्य घ्यावी. मात्र तिच्यात ताहिनीचे प्रमाण कमी आणि साध्या तेलाचे अधिक असण्याची शक्यता लक्षात ठेवून मागची बाजू वाचावी.

बीट, पुदिना, आंबा, चॉकलेट अशा नावांनी अलीकडे जी हम्मसे निघाली आहेत, त्यांना विरोध करण्याचे कारण नाही. पण एकदा तरी मूळ पदार्थ नीट करून पाहिल्याशिवाय त्याला सुधारायला जाऊ नये. ज्यांचा तो पदार्थ आहे, ते त्याविषयी किती हळवे आहेत याची कल्पना जगाला २०१० मध्ये आली. जानेवारीत इस्रायलमधील अबू घोश या गावात सुमारे चार टन हम्मस एका थाळीत करून विश्वविक्रम नोंदवला गेला. त्याच वर्षी मे महिन्यात लेबनॉनने १०,४५२ किलोंचे हम्मस करून तो मोडला. हा आकडा सहज आलेला नव्हता. लेबनॉनचे क्षेत्रफळ १०,४५२ चौरस किलोमीटर आहे. दुसऱ्या बाजूला, जेरुसलेमच्या ज्यू भागात जन्मलेले योतम ओतोलेंगी आणि त्याच शहराच्या अरब भागात जन्मलेले सामी तमिमी या दोघांनी २०१२ मध्ये ‘जेरुसलेम’ हे पाककृतींचे पुस्तक मिळून लिहिले. त्यातही हम्मसला सोडा घातलेला आहे.

मराठी घरात हे पानात कसे वाढावे, हा प्रश्न उरतो. पिटा रोटीचा हट्ट नको. कालची ज्वारीची भाकरी तव्यावर कडक करून तिचे तुकडे, काकडी, गाजर, कांदापातीच्या कोवळ्या काड्या हे सारे चालते. ताटलीत चमच्याने पसरून मध्ये खळगा करावा, त्यात तेलाची धार, वर चिमूटभर तिखट आणि कोथिंबीर. वाटण्यापूर्वी मूठभर अख्खे चणे बाजूला काढून ठेवले असतील, तर तेही खळग्यात घालावेत; लेव्हंटमध्ये तशीच रीत आहे. उरलेले फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकते. बाहेर काढल्यावर ते घट्ट झालेले असेल, तेव्हा चमचाभर कोमट पाणी आणि लिंबाचे दोन थेंब घालून हाताने ढवळावे. उन्हाळ्यात मात्र डबा पुन्हा पुन्हा बाहेर काढू नये. लागेल तेवढेच वाटीत घेऊन बाकीचे लगेच आत ठेवावे, विशेषतः दुपारी वीज जाण्याच्या दिवसांत.